"सोनू झोपत नाही": दर वेळी नव्याने फॉल्ट शोधताना

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. ऑपरेटर येऊन म्हणतो, "मशीन चालत नाही." त्यावर आम्ही लगेच पाने घेऊन धावत नाही. आधी विचारतो, सुरूच होत नाही की सुरू होऊन बंद पडतंय? कधीपासून? काल कोणी काही बदललं का? एवढं विचारून होईपर्यंत निम्म्या वेळा फॉल्ट त्याच्याच तोंडून बाहेर पडतो.

ही अक्कल घरी वापरायला मला तीन वर्षं लागली. आमचा सोनू आता ९ वर्षांचा आहे. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं, बोलणं अजून मोजक्या शब्दांचं आहे. झोपेचा त्रास निदानाच्याही आधीपासूनचा. दर तीन-चार महिन्यांनी "सोनू झोपत नाही" हे वाक्य घरात परत सुरू व्हायचं आणि आम्ही मागच्या वेळचाच उपाय परत बाहेर काढायचो. मागच्या वेळी अंधार केल्यावर बरं वाटलं होतं, म्हणून याही वेळी जाड पडदे. मागच्या वेळी रात्रीचं दूध बंद केलं होतं, म्हणून दूध बंद. कधी लागू पडायचं, बहुतेक वेळा नाही. मग आई म्हणायची दृष्ट लागली, अण्णा म्हणायचे मोबाईल, बायको म्हणायची ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजच्या सवयी-हालचालींवर काम करणाऱ्या) मॅडमना विचारू, आणि मी म्हणायचो उद्या बघू.

बायकोला माझी ही मशीनची भाषा आवडत नाही. "तो मशीन नाहीये," ती म्हणते. खरंच आहे. मशीन निदान अलार्म तरी देतं.

ऑटिझम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, त्यामुळे हा लेख वाचणारे एकटे नाहीत. पण प्रत्येकाचा फॉल्ट वेगळा असतो, आणि एकाच मुलाचाही दर वेळी तोच असेल असं नाही. आमची निम्मी वर्षं हे न कळल्यामुळेच वाया गेली.

नक्की काय होतंय?

"झोपत नाही" या दोन शब्दांखाली चार निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पहिली, अंथरुणावर पडतो पण तास-दोन तास झोपच लागत नाही. दुसरी, वेळेवर झोपतो, पण मध्यरात्री टक्क जागा होतो आणि मग दोन-तीन तास हसणं, उड्या, टाळ्या. तिसरी, पहाटे चार-साडेचारला त्याचा दिवस सुरू होतो. आणि चौथी, जी आईबापांच्या लक्षातच येत नाही: तास पुरेसे भरतात, पण झोपेत घोरतो, लोळतो, पाय झाडतो, आणि सकाळी उठतो तो कुरकुरतच.

यातल्या पहिलीचा उपाय दुसरीला लावला तर काहीच होत नाही. झोप लागायला मदत करणारी गोळी रात्री दोनच्या जागरणाला फारशी उपयोगी पडत नाही, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

म्हणून आधी रजिस्टर. कंपनीत ब्रेकडाउन रजिस्टर असतं तसं. शंभर पानी वही घ्या, ॲप नको. ॲप एकाच्याच मोबाईलमध्ये राहतं. वही फ्रिजवर ठेवली की आजीही लिहिते. रकाने इतकेच: किती वाजता अंथरुणावर गेला, अंदाजे किती वाजता डोळा लागला, रात्री कधी उठला आणि किती वेळ जागा होता, सकाळी कधी उठला, दिवसा झोपला का. आणि शेवटी एक मोठा रकाना, "आज घरात काय वेगळं होतं". पाहुणे, लाइट गेली, शाळेला सुट्टी, पोट साफ झालं नाही, नवीन पांघरूण, काहीही. दोन आठवडे तरी लिहा. पहिले चार दिवस काहीच दिसत नाही आणि माणूस वही सोडून देतो. आम्हीही दोनदा सोडली.

या दोन आठवड्यांत उपाय एकही करू नका. हे सगळ्यात अवघड. पण तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नंतर कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे न्यायच्या गोष्टी आधी

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेबद्दल २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला क्रम मला आमच्या खात्यातल्यासारखाच वाटला: आधी दुसरा काही आजार किंवा चालू औषध झोप मोडतंय का ते बघा, मग सवयींवर काम करा, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, औषध म्हणून. आपल्याकडे बरेच जण हा क्रम उलटा धरतात.

ज्या मुलाला दुखतंय हे सांगता येत नाही, त्याचं दुखणं रात्री जागरण म्हणून बाहेर येतं. बद्धकोष्ठता यात पहिली, कारण आपली मुलं खाण्यात फार चोखंदळ, चार पदार्थांपलीकडे जात नाहीत. नंतर दात, कान, ॲसिडिटी. जंतही बघा: सुतासारख्या कृमींमुळे रात्री गुदद्वारापाशी खाज सुटते, आणि मूल नुसतं लोळत राहतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत गोळी मिळते, पण आपलं मूल ती गोळी थुंकून टाकत असेल तर त्याचा डोस झालाच नाही, एवढं लक्षात ठेवा.

घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले असू शकतात. पाय सतत झाडत असेल, दाबून दिले तरच शांत होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातलं फेरिटिन तपासायचं का असं विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, आणि पाय अस्वस्थ असलेल्या मुलांत फेरिटिन ५०च्या खाली असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. दूध-बिस्किटावर जगणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे हमखास विचारावं. लोहाचं औषध मात्र मनाने सुरू करू नका.

रात्री अचानक अंग ताठ होणं, एकाच लयीत झटके, लाळ, जीभ चावलेली, आणि एरवी कोरडं राहणाऱ्या मुलाने अंथरूण ओलं करणं, यातलं काही दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ऑटिझम असलेल्या मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, आणि झोपेतली फिट बऱ्याचदा "वाईट स्वप्न पडलं" म्हणून निघून जाते. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर व्हिडिओ सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

चालू औषधंही वहीत लिहा, वेळेसकट. लक्ष टिकावं म्हणून दिलेलं मिथाइलफेनिडेट उशिरा घेतलं तर झोप लांबते. नुसती वेळ बदलूनही फरक पडू शकतो, पण ती डॉक्टरांनीच बदलायची.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहत असाल आणि सगळीकडे खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते असतं.

झोप लागतच नाही, तेव्हा

सोनूला आम्ही साडेनऊला अंथरुणावर न्यायचो आणि वहीनुसार डोळा लागायचा पावणेबाराला. म्हणजे रोज सव्वादोन तास तो अंथरुणावर काय करत होता? उड्या मारत होता, आमचं ओरडणं ऐकत होता. अंथरूण म्हणजे भांडणाची जागा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

आमच्या ओटीच्या मॅडमनी सांगितलेला उपाय ऐकून आईने कपाळावर हात मारला: त्याला पावणेबारालाच झोपवा. ज्या वेळी खरोखर झोप येते त्याच वेळी अंथरुणावर न्यायचं, त्याआधी नाही. सकाळी मात्र ठरलेल्या वेळी उठवायचं, आमचं सव्वासात, रविवारीसुद्धा. दुपारची झोप बंद. लागोपाठ तीन-चार रात्री तो पंधरा-वीस मिनिटांत झोपला की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे ओढायची. साडेअकरा, सव्वाअकरा, अकरा. एखाद्या पायरीवर अडला की तिथेच थांबायचं किंवा एक पायरी मागे जायचं.

पावणेबारावरून सव्वादहापर्यंत यायला आम्हाला साधारण पाच आठवडे लागले. त्याच्या पुढे ते सरकलं नाही. साडेनऊ हा आकडा आमच्या सोयीचा होता, त्याच्या शरीराचा नव्हता. सव्वादहा ते सव्वासात म्हणजे ९ तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आम्ही खालच्या काठावर आहोत, आणि दिवसा तो ताजा असतो म्हणून मी तिथे समाधानी आहे.

यात एक खाच आहे, शाळेची रिक्षा. शाळा ते घर पंचवीस मिनिटांचा रस्ता आणि तो रोज त्यात पेंगायचा. आम्ही दुपारची झोप नाही असं छातीठोकपणे सांगत होतो आणि रिक्षावाले काका गालात हसत होते. वहीत ही नोंद त्यांच्यामुळे आली. नंतर परतीच्या वेळी त्याच्या हातात खारे शेंगदाणे आणि मांडीवर पाण्याची बाटली, एवढ्यावर तो जागा राहिला.

संध्याकाळचा चहा बघा. आपल्याकडे "थोडासा दूधचहा" मुलांना सर्रास दिला जातो, वर चॉकलेट घातलेलं दूध. दोन्हींत कॅफिन येतंच. आमच्याकडे आजीच्या बशीतला चहा चारच्या आत, असा तह झाला.

मोबाईलबद्दल सगळे सांगतातच. झोपायच्या तासभर आधी बंद. आमच्याकडे तो काढून घेणं म्हणजे रोजचा मेल्टडाउन (अनावर रडणं-ओरडणं), म्हणून आम्ही काढून घेणं सोडून दिलं. साडेआठला घरातलं वायफाय बंद होतं. माणसावर राग काढता येतो, राउटरवर काढून काही होत नाही, हे त्याला चार दिवसांत पटलं.

पुढच्या तासाभराचा क्रम चित्रांत लावलाय. विकतची कार्टून चित्रं नव्हे, आमच्याच घरातले फोटो: त्याचं ताट, त्याचा ब्रश, आमचा संडास, त्याची निळी नाइट पँट, झिरोचा बल्ब, गादी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट, लॅमिनेशन, मागे वेल्क्रो. एकेक झालं की तो ते काढून डब्यात टाकतो. शेवटचं चित्र काढून डब्यात टाकलं की दिवस संपला. या मुलांना "आता झोप" हे सांगून कळण्यापेक्षा "यानंतर काही उरलं नाही" हे डोळ्यांनी दिसलेलं चांगलं कळतं.

गोधडीत घालून त्याची पोळीसारखी गुंडाळी करायची, डोकं बाहेर ठेवून, आणि हलका दाब देत लोळवायचं, हा आमचा क्रमातला सगळ्यात लाडका भाग. काही मुलं अशा दाबाने शांत होतात, काही आणखी चेकाळतात. आपलं मूल कुठलं ते दोन रात्रीत कळतं.

वजनदार ब्लँकेटबद्दल विचारणारे खूप भेटतात. इंग्लंडमध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजनदार पांघरुणाने झोपेचे तास वाढले नाहीत, मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. नाशिकच्या एप्रिलमध्ये सहा किलोचं ब्लँकेट अंगावर घेऊन कोण झोपणार, हा माझा वेगळा प्रश्न. आवडलं तर घ्या, पण मुलाला ते स्वतःहून बाजूला सारता आलं पाहिजे, नाहीतर नको.

आणि दृष्ट. आई मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकायची, तेही झोपायच्या ऐन वेळी. त्या धुराने सोनू खोकून-खोकून तासभर जागा. आईशी वाद घातला नाही. "काढ की दृष्ट, फक्त दिवेलागणीला काढ," एवढंच म्हटलं. तेव्हापासून दोघंही खूश.

रात्री दोनला जागा होतो, तेव्हा

याच ठिकाणी वहीने मला तोंडावर पाडलं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सोनू मधूनच आठवडाभर रात्री पाऊण-एकला उठायचा आणि तीनपर्यंत जागा. मग दहा-बारा दिवस शांत. मग परत. पौर्णिमा-अमावास्या लावून झाली, जेवण बदलून झालं. बायकोने सहा आठवड्यांची वही समोर ठेवली आणि तारखांवर लाल पेनाने गोल केले. म्हणाली, "हे तुमच्या सेकंड शिफ्टचे आठवडे आहेत."

सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. साडेबाराला मी घरी. गाडीचं स्टँड, सेफ्टी डोअरची साखळी, बाथरूमची ट्यूब, ताटावर झाकलेलं झाकण. आमचं घर वन बीएचके. कुठलाही आवाज कुठेही जातो. हे सगळं खरं, पण खरा फॉल्ट त्याहून साधा होता. त्या आठवड्यात सकाळी मी उठेपर्यंत तो शाळेत गेलेला असायचा आणि तो घरी येईपर्यंत मी कंपनीत. पाच दिवस पोरगं दिसायचं नाही. म्हणून रात्री आल्यावर मीच त्याच्याजवळ जायचो, केसांतून हात फिरवायचो, तो हलला की कुशीत घ्यायचो. पाचच मिनिटं. तो बाबाची वाट बघायला शिकला होता आणि त्याचं घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा पक्कं होतं. शिफ्ट बदलल्यावरही दोन-तीन रात्री तो पाऊणला उठून दाराकडे बघायचा.

मुलात काय बिघडलंय हे आम्ही शोधत बसलो होतो, आणि बदललेली वस्तू मी होतो.

उपाय केला तो असा. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी सकाळी पावणेसातचा गजर लावतो, सव्वासातला मीच त्याला उठवतो आणि शाळेची रिक्षा येईपर्यंतचा वेळ आमचा. आंघोळ मी घालतो. रात्री आल्यावर चपला बाहेर, गाडी सोसायटीच्या गेटपाशीच बंद करून ढकलत आत, ताट ओट्यावर उघडंच, पाय धुवायला अंधुक पिवळा दिवा. आणि त्याच्याजवळ जायचं नाही. पहिल्या आठवड्यात हे मला त्याच्यापेक्षा जड गेलं. कॅलेंडरवर सेकंड शिफ्टच्या चौकोनांत निळी टिकली लावतो. निळी टिकली म्हणजे बाबा सकाळी. दुसऱ्या फेरीपर्यंत पाऊणचं उठणं थांबलं.

तुमच्याकडे शिफ्ट नसेल, पण मध्यरात्री उठण्यामागे असंच काहीतरी असू शकतं. आपण सगळेच रात्री चार-पाच वेळा अर्धवट जागे होतो आणि कूस बदलून परत झोपतो. झोपताना जे होतं ते तसंच असेल तर मूलही परत झोपतं. झोपताना आईचा हात मानेखाली होता आणि दोनला तो नाही; झोपताना टीव्ही चालू होता आणि आता शांतता; झोपताना पंखा होता आणि लाइट गेली. त्याच्या दृष्टीने जग बदललेलं असतं. म्हणून झोपताना जे रात्रभर टिकणार नाही ते झोपेच्या आधी हळूहळू काढून घ्यावं लागतं. हात मानेखाली, मग खांद्यावर, मग नुसता शेजारी, मग वीतभर लांब. प्रत्येक पायरी चार-पाच रात्री.

इंग्रजी पुस्तकांतला सल्ला बहुतेक "मुलाच्या खोलीतून बाहेर या" इथे संपतो. कुठली खोली? आमच्याकडे हॉलमध्ये गाद्या टाकून पाच जणं झोपतात. मूल शेजारी झोपतं हा काही फॉल्ट नाही. फक्त रोज तेच माणूस, तीच बाजू, तीच गादी असू द्या, आणि आजी एक दिवस, आई एक दिवस असं करू नका.

रात्री उठलाच तर कंटाळवाणे व्हा. दिवा नाही, गप्पा नाहीत, खाऊ नाही, रागावणं तर नाहीच; परत गादीवर, तेच दोन शब्द. आम्ही "रात्र आहे" म्हणतो. सुरुवातीचे काही दिवस प्रकरण आधीपेक्षा वाढतं. मूल जास्त जोर लावून बघतं. तिसऱ्या रात्री हार मानून मोबाईल दिला तर त्याला एवढंच कळतं की तीन रात्री जोर लावावा लागतो. घरात कोणाची परीक्षा, कोणाचं आजारपण असेल तर त्या आठवड्यात हे सुरूच करू नका.

आणि एक गोष्ट आजच करा. रात्री फिरणारं मूल असेल तर मुख्य दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही तिथे कडी, पण मोठ्यांना अंधारात पटकन उघडता येईल अशी. गॅसचा रेग्युलेटर झोपण्यापूर्वी बंद. बाल्कनीला जाळी. सोनूने एकदा पहाटे तीनला शेगडीची चारही बटणं फिरवली होती. रेग्युलेटर बंद होता म्हणून हे लिहू शकतोय.

पहाटे चारचा दिवस

याचं कारण पुष्कळदा घराबाहेर असतं. आमच्या कॉलनीत पहाटे पाणी येतं आणि एकेक मोटार सुरू होते. सोनू मोटारीच्या दहा मिनिटं आधी उठून बसायचा. पंखा पाचवर ठेवून त्याच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडवले, त्याची गादी डक्टच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीला नेली, आमची स्वतःची मोटार साडेपाचच्या पुढे ढकलली. उन्हाळ्यात उजेड लवकर येतो, तेव्हा जाड पडदे. उठायची वेळ झाली की मात्र पडदे सताड उघडे, सकाळचं ऊन अंगावर, कारण शरीराचं घड्याळ त्या उजेडावरच लागतं. चारला उठल्यावर लगेच दूध किंवा टीव्ही मिळत असेल तर तो चारलाच उठणार. दुपारी झोपत नाहीये ना आणि रात्री फार लवकर तर झोपवत नाही ना, तेही बघा. साडेआठला झोपलेलं मूल साडेपाचला उठलं तर हिशोब त्याचा बरोबर आहे.

गोळ्यांबद्दल

मेलाटोनिन आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच महिने दिलं. झोप लागायचा वेळ कमी झाला. वर म्हटलेल्या २०२० च्या सूचनांत १ ते ३ मिलिग्रॅमपासून, झोपण्यापूर्वी अर्धा ते एक तास, अशी कमी सुरुवात आणि १० च्या वर कधीच नाही असं आहे. आपल्या मुलाचा डोस आपल्या डॉक्टरांनी ठरवायचा. परदेशातल्या नातेवाइकांकडून गमीच्या गोळ्या मागवायची एक टूम आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये अशी २५ उत्पादनं तपासली, तर २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं प्रमाण बरोबर नव्हतं, आणि एकात मेलाटोनिन नव्हतंच. मावशीने प्रेमाने पाठवल्या तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

सर्दीचं पातळ औषध "झोप येते म्हणून" देणारी घरं मी बघितली आहेत. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलंय. सर्दी नसताना सर्दीचं औषध कोणत्याच वयात नको.

परत बिघडतं तेव्हा

बिघडणारच. आमचे ठरलेले हंगाम आहेत: मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी, आणि कुठलाही ताप. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद असा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम आहे, पण वर्षातले १५ दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देता येते. जिल्हा प्रशासन ते दिवस आधी जाहीर करतं. ती यादी मी कॅलेंडरवर उतरवतो आणि त्यातल्या मिरवणुकीच्या रात्री सोनूला घेऊन मखमलाबादला बहिणीकडे जातो. बाकीच्या रात्री कानावर हेडफोन, पंखा पाचवर, आणि अपेक्षा कमी.

गावी जाताना एक पिशवी वेगळी: त्याची चादर, न धुतलेली, कारण वास तोच हवा. उशीचा अभ्रा, चित्रांची पट्टी, झिरोचा बल्ब, आणि आमच्या पंख्याचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. गावी लाइट जाते तेव्हा तो आवाज उशीपासून हातभर लांब लावतो. मामा हसतो. हसू दे.

परत आल्यावर सगळं एकदम सावरायला जात नाही. आधी फक्त सकाळची वेळ. रात्री कितीही वाजता झोपला असला तरी सव्वासातला उठवायचं आणि उन्हात न्यायचं. दोन-तीन दिवसांनी दुपारची झोप तोडायची. रात्रीच्या वेळेला सगळ्यात शेवटी हात लावायचा, तोवर ती बरीचशी आपोआप मागे सरकलेली असते. तापानंतर तीन दिवस सगळे नियम माफ, चौथ्या दिवशी सकाळची वेळ सुरू. आठवडाभरात बसलं नाही तर वही परत फ्रिजवर.

आम्ही दोघं रात्र वाटून घेतो. दोनच्या आधी उठला तर माझी पाळी, नंतर उठला तर तिची. ज्याची पाळी नाही त्याने कानात कापूस घालून आतल्या खोलीत खरंच झोपायचं, पडून ऐकत बसायचं नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आई पहिली पाळी घेते.

सध्या वही फ्रिजवर आहे. गेल्या मंगळवारपासून तो साडेतीनला उठतोय, वीस मिनिटं बसून राहतो आणि परत झोपतो. माझी फर्स्ट शिफ्ट चालू आहे, पोट साफ आहे, पाण्याची वेळ तीच आहे. आईने कालच्या रकान्यात लिहिलंय, "शेजारी नवीन कुत्रं आणलंय." अजून नऊ दिवस लिहायचं आहे.